चौथ्या पानाची क्लिप

मी थकले होते, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी जे काही केलं ते चांगुलपणाने केलं, असा कुणाचा समज व्हायला नको.

त्या वर्षी लुडविग्सहाफेनच्या केमिकल फॅक्टरीतल्या लॅबमध्ये मला सकाळची शिफ्ट होती. साडेचारला उठायचं, सहाला हजर व्हायचं, दोनला सुटायचं, अडीचला घरी. नवरा रोज र्युसेल्सहाइमला गाड्यांच्या कारखान्यात जायचा, तो सातशिवाय काही उगवायचा नाही. मुलगी शिकायला बर्लिनला. घरी येऊन पाय वर करून पडलं तरी झोप लागायची नाही, आणि उठून काही करावं तर अंगात जीव नसायचा. मग मी बाबांची पेटी काढायचे. जिन्यात काचेमागे घराचे नियम लावलेले आहेत, त्यात दुपारी एक ते तीन आवाज करायचा नाही असं स्वच्छ लिहिलंय. मी भाता अगदी हळू हलवायचे आणि स्वतःची समजूत घालायचे की याला कोण आवाज म्हणतंय.

एका दुपारी बेल वाजली. दारात खालच्या आजी. आम्ही पहिल्या मजल्यावर, त्या आमच्या बरोबर खाली, तळमजल्यावर. इंग्लंडच्या. तरुणपणी इथे इंग्रजी शिकवायला आल्या, इथल्याच माणसाशी लग्न केलं, तो जाऊनही बरीच वर्षं झाली. जिन्यात भेटल्या की हवेवर दोन वाक्यं बोलायच्या, तेवढीच ओळख. आल्या तक्रार घेऊन, असं म्हणत मी मनात जर्मन माफीची जुळवाजुळव करायला लागले. तर काठीवर रेलून धापा टाकत त्या इंग्रजीत म्हणाल्या की तुझ्या पेटीचा एक सूर उतरलाय, काळ्या पट्ट्यांतला चौथा. आणि दुसरं म्हणजे, ते एक गाणं तू नेहमी एकाच जागी का सोडतेस?

पहिल्याचं उत्तर माझ्याकडे होतं. इथल्या हीटरच्या कोरड्या हवेने पेटीची वाट लागते. दुसऱ्याचं मात्र दारात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. मी त्यांना आत बोलावलं आणि चहा टाकला.

तिसऱ्या की चौथ्या चहाला सांगितलं एकदाचं. माझे बाबा पेटीची साथ करायचे. नाट्यसंगीताचे कार्यक्रम, भजनं, गाण्याचे क्लास, कुणी बोलावेल तिथे. हँडबिलावर गाणाऱ्याचं नाव मोठं, तबलजीचं मध्यम, आणि बाबांचं सगळ्यात खाली, तेही कित्येकदा चुकीचं. पण ते स्वतः चाली बांधायचे. लांबड्या वह्यांमध्ये, आपल्या खुणांनी लिहून ठेवायचे. कुणी गायल्या नाहीत, त्यांनीही कुणाला आग्रह केला नाही. ते गेल्यावर पुण्यातली इमारत पाडून नवी बांधायची ठरली आणि फ्लॅट रिकामा करायला मी तीन आठवड्यांची रजा काढून गेले. तीन आठवड्यांत बँक, सोसायटी, कपाटं, भांडी, नातेवाईक. माळ्यावर वर्तमानपत्रांचे गठ्ठे होते, ते मी न उघडता रद्दीवाल्याला उचलायला सांगितले. वह्या त्या गठ्ठ्यांच्या मध्ये होत्या. धूळ बसू नये म्हणून बाबांनीच त्या पेपरात गुंडाळून ठेवल्या असणार. इथे परत आल्यावर, वीस दिवसांनी, एक चाल वाजवायला बसले आणि अंतऱ्याची दुसरी ओळ आठवेना. वहीत बघू म्हणून उठले, आणि तिथेच उभी राहिले.

आजींनी ऐकून घेतलं. कप बशीत ठेवला आणि म्हणाल्या, माझ्या तळघरात एक खोकं आहे, ते वर आणायला मदत करशील का.

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, असं माझ्या मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण गेले. आजी बाथरूममध्ये दोनदा पडल्या होत्या. महिनाअखेर त्यांना वृद्धाश्रमात जायचं होतं आणि फ्लॅट मालकाला परत द्यायचा होता. इथे घर सोडताना तळघरातली आपली खोलीसुद्धा झाडून रिकामी द्यावी लागते. त्यांचा मुलगाही बर्लिनलाच, त्याने फोनवर सांगितलं होतं की कागदांचे फोटो काढ आणि बाकी सगळं निळ्या डब्यात टाक. निळा डबा म्हणजे रद्दीचा. तो शब्द ऐकल्यावर मी खोकं उचललं.

खोक्यात त्यांच्या वडलांचं संगीत होतं. वडील इंग्लंडमधल्या एका कॅथीड्रलमध्ये ऑर्गन वाजवायचे, मुलांच्या गायनवृंदाला शिकवायचे, आणि लागेल तसं लिहायचे. संध्याकाळच्या प्रार्थनेच्या चाली, स्तोत्रांच्या चाली, कुणाच्या लग्नाला, कुणाच्या मयताला. उभ्या जन्मात दोन रचना छापल्या गेल्या, आणि ज्यांनी छापल्या त्यांनी पुढे दुकान बंद केलं. बाकी सगळं हाताने लिहिलेलं, तपकिरी शाईत. आजींनी त्या कॅथीड्रलला पत्र लिहून विचारलं होतं, तुम्ही ठेवून घेता का. तिथून फार सभ्य उत्तर आलं की आमच्याकडे जागा नाही. एका रचनेवर तर कुण्या वरिष्ठाने पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, ‘कृपया आणखी लहान करा.’ त्याखाली वडलांच्या अक्षरात, ‘केलं.’ मला पाश्चात्त्य संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण ते ‘केलं’ वाचून मला आजींच्या वडलांचा फार राग आला आणि फार दयाही आली.

सगळ्यात जास्त होत्या त्या प्रार्थना संपल्यावर वाजवायच्या रचना. पाद्रीबुवांनी आशीर्वाद दिला की ऑर्गन सुरू होतो आणि लोक कोट चढवत, गप्पा मारत बाहेर पडतात. आजी म्हणाल्या, माझ्या वडलांनी आयुष्यभर उठून जाणाऱ्या लोकांसाठी लिहिलं. त्यातली एक सात पानांची होती. तीच एक त्यांनी कुणाच्या सांगण्यावरून लिहिली नव्हती आणि लहानही केली नव्हती. ती आजींना ऐकायची होती. पूर्ण, आणि शांततेत.

मी म्हटलं, तुम्ही तर ती लहानपणी कितीदा ऐकली असेल.

“नाही ऐकली,” त्या म्हणाल्या. “मी पानं उलटायचे. पानं उलटणाऱ्याला काही ऐकू येत नाही.”

हे मला पटलं नाही तेव्हा. नंतर पटलं.

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक चर्च आहे. तिथली ऑर्गन वाजवणारी बाई चाळिशीची असेल, पण डोळ्यांखाली माझ्यासारखीच काळी वर्तुळं. एकटीच्या गळ्यात तीन चर्चेस. रविवारी साडेनऊला आमच्याकडे आणि अकराला तीस किलोमीटरवरच्या गावात. मी झेरॉक्स काढून तिला दिल्या. तिने सातही पानं एकदा वाजवून बघितली आणि म्हणाली, हो, हो, छान आहे, पण वेळ नाही. तिसऱ्या पानाच्या शेवटून थेट सहाव्याच्या सुरुवातीला जाता येतं, कुणाला कळणारही नाही. असं म्हणून तिने चौथं आणि पाचवं पान तिसऱ्याच्या मागे धरून एक काळी क्लिप लावून टाकली. म्हणजे तिसरं उलटलं की समोर सहावं. मी वाद घातला नाही. बिचारी खरंच दमलेली होती, आणि दमलेल्या माणसाशी दमलेल्या माणसाने काय भांडायचं. पानं उलटायला मात्र तिला कुणीतरी हवं होतं. मुलीच्या पियानोच्या क्लासला आठ वर्षं शेजारी बसून मला स्वरांच्या ओळींवर बोट ठेवण्याइतपत वाचता येत होतं. मी म्हटलं, मी उलटते.

आजींना क्लिपचं सांगितलं नाही. त्यांना म्हटलं, सगळं वाजवणार आहेत. एक खोटं. आणि म्हटलं, लोकही शेवटपर्यंत बसतील, ते माझ्यावर सोडा. हे खोटं नव्हतं, हा नुसता फाजील आत्मविश्वास होता.

माझा हिशोब सोपा होता. आपल्याकडे कीर्तन कितीही रटाळ होवो, प्रसाद घेतल्याशिवाय कोण उठतं? लहानपणी मी निम्म्या आरत्या शिऱ्याकडे बघत म्हटल्या आहेत. तेव्हा रविवारी चर्चमध्ये बटाटेवडे ठेवायचे, आणि पाद्रीबुवांना आधीच सांगायला लावायचं की शेवटचं संगीत संपलं की मागच्या टेबलावर भारतीय खाणं आहे. लोक बसतील, संगीत होईल, मग वडे. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, आल्झो, म्हणजे तुला रविवारी सकाळी सहाला उठून दीडशे वडे तळायचेत? आणि मग उठून बटाटे सोलायला बसलाच. त्याचं हे असं आहे. बोलेल एक आणि करेल दुसरं, म्हणून तर निभावलं इतकी वर्षं.

रविवारी पाद्रीबुवांनी सांगितलं, अगदी व्यवस्थित, दोनदा. मी वरच्या सज्जात ऑर्गनच्या डाव्या हाताला उभी. तिथून कठड्यावरून खालचं सगळं दिसतं. आजी पहिल्या रांगेत, निळा कोट, कानात मशीन, आणि वॉकर, चाकं नीट अडकवून, बाजूला ठेवलेला. मागे चाळीसेक माणसं. नवरा पार मागे, दाराजवळच्या टेबलापाशी, वड्यांच्या मोठ्या डब्यांवर पंचा टाकून उभा.

आशीर्वाद झाला. ऑर्गनवाल्या बाईंनी पहिला स्वरमेळ धरला. आणि नेमकं तेव्हा नवऱ्याने, वडे घाम धरतील म्हणून, डब्यांची झाकणं काढली.

काय सांगू. लसूण, कढीपत्ता, गरम बेसन, सगळा वास त्या उंच दगडी चर्चमध्ये असा पसरला की वर सज्जात माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. आपल्याकडे प्रसाद आपल्या जागेवर हातात येतो, आधी नाही आणि दुसरीकडे नाही. इथे मी तो दाराशी मांडून ठेवला होता, गरम, आणि या लोकांना संगीत सुरू झालं की दाराकडे चालायची जन्माची सवय. एरवी पाच-सात म्हातारी माणसं तरी शेवटपर्यंत बसायची. त्या दिवशी तीही उठली. दोन मिनिटांत चर्च रिकामं आणि टेबलाभोवती ही गर्दी. ताटल्यांचे आवाज, हसणं, आणि हे वेगन आहे का, असं कुणीतरी तीनदा मोठ्याने विचारलेलं मला वर स्पष्ट ऐकू आलं. खाली इतक्या बाकांमध्ये एकटा निळा कोट. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

मला फार लाज वाटली. एका म्हाताऱ्या बाईने जन्मात एकदा शांतता मागितली होती आणि मी तिथे वडापावची गाडी लावली होती. बाईंनी समोरच्या छोट्या आरशात खाली बघितलं, ओठ आवळले आणि वाजवत राहिल्या, जरा घाईनेच. पहिलं पान मी उलटलं. दुसरं उलटलं. तिसरं निम्मं झालं. आता त्या सहाव्यावर उडी मारणार, मिनिटाभरात संपवणार आणि किल्ल्या घेऊन गाडीकडे पळणार.

तेव्हा मला ती बाबांची चाल आठवली. आठवली म्हणजे काय, जिथे ती थांबते ती जागा आठवली. शांतता तर मी घालवलीच होती. निदान अर्धं तरी ऐकवायचं नाही, असं मी ठरवलं. ठरवलं म्हणणंही जास्तच होईल, हात गेला. मी क्लिप काढायला लागले.

क्लिप घट्ट. बोटं वड्यांच्या तेलाने आणि घामाने निसरडी. तिसऱ्या पानाची शेवटची ओळ आली, बाईंनी मान हलवली, आणि मी अजून क्लिपशी झटत होते. त्यांनी शेवटचा स्वरमेळ जरासा लांबवला. एक श्वासभर. क्लिप निघाली, माझ्या पायाशी पडली, मी पान उलटलं, आणि त्यांच्यासमोर सहाव्याऐवजी चौथं पान उभं राहिलं.

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी ते विसरणार नाही. पण बोटं कुठली थांबतात. एकदा वाजवून बघितलेलं होतं, त्या आधारावर त्या चौथ्यात शिरल्या. चौथं, पाचवं, सहावं, सातवं. मधली ती दोन पानं फार हळू होती, एवढं मी सांगू शकते, कारण तिथे उलटायला खूप वेळ होता. बाकी मी काही ऐकलं नाही. मी ओळी मोजत होते, बाईंच्या मानेकडे बघत होते आणि त्या आता मला काय म्हणतील याचा विचार करत होते. आजी म्हणाल्या होत्या ते खरं होतं. पानं उलटणाऱ्याला काही ऐकू येत नाही.

संपल्यावर बाईंनी ऑर्गन वाजवायचे बूट बदलले, कोट घेतला आणि म्हणाल्या की आता अकराच्या प्रार्थनेला मी उशिरा पोचणार आणि त्याचं कारण मी तुमचं नाव सांगणार. मी म्हटलं, गेनाऊ, अगदी, माझंच सांगा. जिन्याच्या वळणावर त्या थांबल्या आणि न वळताच म्हणाल्या की मधली दोन पानं त्यात सगळ्यात चांगली आहेत. मग गेल्या. जाताना दोन वडे कागदात घेऊन गेल्या, हे नवऱ्याने नंतर सांगितलं.

मी गुडघे सांभाळत खाली आले. काय काय बोलायचं ते जिन्यातच जुळवलं होतं. माफी मागायची, गोंगाटाबद्दल, वासाबद्दल, वड्यांबद्दल, आणि क्लिपचं खरं सांगून टाकायचं. मागे टेबलापाशी हसणं चालूच होतं. आजी समोर बघत बसल्या होत्या, हात मांडीवर. मी जवळ गेले तरी वळल्या नाहीत. मला वाटलं, रागावल्या.

“चौथ्या पानाला उशीर केलास,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, हो, क्लिप अडकली होती. आणि मग कशाची क्लिप, का होती, सगळं सांगितलं. त्यांनी ते ऐकलंसं वाटलं नाही.

“तिथे मलाही नेहमी उशीर व्हायचा,” त्या म्हणाल्या. “ते गुडघ्याने ढोसायचे मला. आजही वाटलं, आता ढोसतील.”

बाकावर मी त्यांच्या शेजारी बसले आणि मला रडू आलं. चांगलं मोठ्याने आलं, शेजारच्या बाईच्या वडलांसाठी रडावं तसं नाही. आजींनी बाहीतून रुमाल काढून दिला. त्यांना वाटलं असेल, ही गोंगाटाला रडतेय. म्हणाल्या, लोकांचं सोड, ते नेहमीच असं करतात, उलट आज तर खूश होते. मी मान हलवली. त्यांना कसं सांगणार होते की इतक्या वर्षांनी, इतक्या गोंगाटात, त्या माणसाच्या सात पानांतला एक श्वासभर उशीर ओळखणारं कुणीतरी खाली बसलेलं होतं, आणि माझ्या बाबांचं काय.

नवरा ताटलीत दोन वडे घेऊन आला. आजींनी एक खाल्ला, तिखट लागला तरी सगळा खाल्ला.

आठवड्याभराने त्या वृद्धाश्रमात गेल्या. खोकं आता आमच्या तळघरात आहे, निळ्या डब्यात नाही. त्या निघायच्या आदल्या दुपारी, अडीच वाजता, नियम मोडून मी पेटी काढली आणि बाबांची चाल येते तेवढी वाजवली. नेहमीच्या जागी थांबले. खालून आजींच्या काठीचे दोन ठोके आले, त्यांच्या छताला, मी थांबले त्याच्या किंचित आधी. ती जागा या जगात आम्हा दोघींनाच ठाऊक होती. आता खालचा फ्लॅट रिकामा आहे. मी वाजवते, थांबते, आणि थोडा वेळ उगाच ऐकत बसते.